चौथा चौकोन

पत्र येऊन नऊ वर्षं झाली होती आणि त्याला उत्तर गेलं नव्हतं. दुसरा कुणी असता तर विसरला असेल म्हातारा, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण हे गृहस्थ ग्रंथपाल होते. चौतीस वर्षं त्यांनी शहरभरच्या लोकांना ‘आपल्याकडील पुस्तक मुदत उलटूनही परत आलेले नाही’ अशी पत्रं पाठवली होती. पहिलं नम्र, दुसरं आठवण करून देणारं, तिसरं जरा झोंबेल असं. तिसऱ्यालाही जो दाद देत नसे त्याच्याबद्दल ते घरी येऊन बायकोला म्हणत, “काय माणसं असतात! दोन ओळी लिहायला काय जातं यांचं?”

दोन ओळी लिहायला काय जातं, ते त्यांना वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळलं.

पत्र इस्पितळाकडून आलं होतं. जुन्या साठ्याची मोजदाद करताना असं आढळलं आहे की, आपल्या मृत जन्मलेल्या मुलीच्या तपासणीच्या वेळी घेतलेले नमुने आमच्याकडे आहेत. मेणात जतन केलेले सहा ठोकळे आणि चौदा काचपट्ट्या. नमुने घेताना व ठेवताना पालकांना पुरेशी माहिती दिली गेली नसावी, याचा खेद वाटतो. खाली तीन चौकोन होते. इस्पितळाने विल्हेवाट लावावी. शिक्षण व संशोधनासाठी ठेवावेत. कुटुंबाला परत करावेत. एका चौकोनात खूण करायची, सही करायची, पाठवून द्यायचं.

खूण कुठे करायची हे बायकोला विचारावं लागलं असतं. आणि विचारायचं तर त्याच्याही बत्तीस वर्षं आधी आपण एका कागदावर सही केली होती, हे आधी सांगावं लागलं असतं. ते त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. शेवटी पत्र त्यांनी मधमाश्या पाळण्यावरच्या एका जाडजूड पुस्तकात ठेवून दिलं. ग्रंथालयाने रद्दीत काढलेलं ते पुस्तक दया येऊन त्यांनीच घरी आणलं होतं. घरात मधमाशी कधी शिरली नव्हती, त्यामुळे ते पुस्तक कुणी उघडण्याची भीती नव्हती.

त्यांना एकच मूल होतं, मुलगी. आणि घरात तिला सगळे ‘धाकटी’ म्हणत. नव्याने राहायला आलेले शेजारी हमखास विचारायचे, “मग थोरली कुठे असते?” ग्रंथपाल वर्तमानपत्रात तोंड खुपसायचे. बायको मात्र शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणायची, “आहे ना थोरली.” मीठ कुठे आहे विचारल्यावर सांगावं, तितक्या सहज. पुढे कुणी विचारत नसे.

त्या धाकटीला आता नववा महिना लागून पाच दिवस झाले होते, आणि सहाव्या दिवशी बाळाची हालचाल थांबली.

इस्पितळ तेच होतं, फक्त इमारत नवी. पहाटे धाकटी बाळंत झाली. मुलगा होता. तो रडला नाही. सकाळी अकराच्या सुमारास ती इंजेक्शनच्या गुंगीत झोपली होती, आई उशाशी बसली होती आणि बाहेर बाकावर सासरे-जावई बसले होते. बाकाचा एक बोल्ट ढिला होता. एकाने हालचाल केली की दुसरा डुले.

जावई लिफ्ट दुरुस्तीच्या कामात होते. माणूस लाख मोलाचा, पण आज त्यांच्या अंगातला जीवच गेला होता. समोरची लिफ्ट वर गेली की ते कान टवकारायचे.

“ब्रेक घासतोय,” ते मध्येच म्हणाले.

“अं?”

“लिफ्टचा. कुणीतरी सांगायला पाहिजे त्यांना.” आणि मग एकदम त्यांनी तोंडावर रुमाल दाबला.

ग्रंथपालांना त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. हात अर्ध्यापर्यंत गेला आणि परत मांडीवर आला. असल्या बाबतीत त्यांना कधीच काही जमलं नव्हतं. ग्रंथालयात कुणी मोठ्याने बोलत असलं तरी ते ‘हळू बोला’ म्हणत नसत. ‘कृपया शांतता राखावी’ असं लिहिलेली चिठ्ठी त्याच्यासमोर ठेवून चोरासारखे निघून जात.

तेवढ्यात एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. गळ्यात ओळखपत्र, हातात पुठ्ठ्याला लावलेला कागद, पुठ्ठ्याला दोरीने बांधलेलं पेन.

“बाळाचे वडील कोण?”

वर्गात नाव पुकारल्यासारखे जावई उभे राहिले.

“हे तपासणीचं संमतिपत्र. असं का झालं ते कळायला मदत होते. पुढच्या वेळच्या दृष्टीने चांगलं असतं. खुणा मी करून ठेवल्यात सगळ्या, तुम्ही फक्त खाली सही करा.”

“तिला…?”

“ताईंना कशाला उठवायचं? आधीच केवढं सोसलंय त्यांनी. एका पालकाची सही चालते.”

“हो, हो. तिला नको त्रास,” जावई म्हणाले आणि त्यांनी पेन हातात घेतलं.

ग्रंथपाल त्या दोरीकडे बघत होते. एक्केचाळीस वर्षांपूर्वीही पेनाला दोरी होती. ती काउंटरला बांधलेली होती आणि आखूड होती, त्यामुळे सही करायला कमरेत वाकावं लागलं होतं. काउंटरमागचा माणूस म्हणाला होता, “तपासणीसाठी आहे. बाईंना सांगू नका, धसका घेतील. पुढचं सगळं आम्ही बघतो.” वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचणारा माणूस, त्याने तो कागद वाचला नाही. वाकला आणि सही केली. बायकोला सांगितलं, सगळं इस्पितळाने केलं. तिनेही पुढे विचारलं नाही. फक्त एकदा, महिन्याभराने, विचारलं होतं, “कशी दिसत होती हो?” ते म्हणाले होते, “झोपल्यासारखी.”

जावयांनी पेनाचं टोपण काढलं.

ग्रंथपालांनी काहीही ठरवलं नव्हतं. ते उठले, हात आपोआप गेला आणि कागदावर, सहीच्या रेघेवर, पालथा पडला.

“आजोबा, हात काढता का जरा?”

“नाही.”

“बाबा?” जावई म्हणाले.

“नाही म्हणतोय ना मी!”

आवाज एवढा मोठा निघाला की पलीकडच्या खोलीतून एक सिस्टर डोकावून गेली. सगळ्यात जास्त दचकले ते स्वतः ग्रंथपाल. समोर ठेवायला चिठ्ठी नव्हती, म्हणून बोलावं लागलं होतं.

“आजोबा, मी समजू शकते,” डॉक्टरीणबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “पण खरंच एकाची सही चालते.”

“चालते. मला ठाऊक आहे चालते. माझीही चालली होती.”

“कुठे चालली होती तुमची सही?”

हा आवाज मागून आला. बायको पाण्याचा रिकामा तांब्या घेऊन दारात उभी होती.

माणसाला पळून जायला जागा हवी असते तेव्हा नेमकी भिंत असते. ग्रंथपालांनी हात कागदावरून काढला नाही, आणि तसेच उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. काउंटर, दोरी, सही. मग पत्र. सहा ठोकळे, चौदा काचपट्ट्या. सांगताना ते बायकोकडे न बघता तांब्याकडे बघत होते.

तिने तांब्या जमिनीवर ठेवला. मग म्हणाली, “पत्र कधी आलं?”

“नऊ वर्षं झाली.”

“नऊ वर्षं!” ती म्हणाली. “शहरातल्या एकेका दारी पोस्टमन नाचवलात तुम्ही, एका कादंबरीसाठी. आणि माझ्या लेकीचं पत्र दाबून बसलात?”

“अगं…”

“तुमचं घरी बघते मी. आधी इथलं.” ती डॉक्टरीणबाईंकडे वळली. “हा कागद राहू दे. कोरा आणा, खुणा नसलेला. आणि माझी मुलगी उठेपर्यंत थांबायचं.”

“आजी, तपासणी जितकी लवकर तितकी चांगली.”

“लवकर म्हणजे किती?”

डॉक्टरीणबाई जरा घुटमळल्या. “उद्या सकाळपर्यंत… चालेल तसं.”

“मग आत्ता कुठे अकरा वाजलेत. घाई कुणाला झालीय? त्याला तर नाही.”

जावयांनी पेनाला टोपण लावलं आणि पुठ्ठा परत केला. मग ते बाकावर बसले, आणि ग्रंथपालांचा हात या वेळी अर्ध्यावरून परत आला नाही.

धाकटी अडीच वाजता जागी झाली. आईने तिच्यापासून काही लपवून ठेवलं नाही. लपवाछपवीचा तिला त्या दिवशी वीट आला होता. धाकटीने सगळं ऐकून घेतलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

“तू सही करणार होतास?”

“तू झोपली होतीस गं.”

“झोपलेच होते ना? मेले तर नव्हते?”

जावयांनी मान खाली घातली. तिने त्यांचा हात ओढून स्वतःच्या पोटावर ठेवला, जिथे काल रात्रीपर्यंत ते तो ठेवायचे. “आता बस इथे. आपण दोघं वाचू.”

डॉक्टरीणबाई कोरा कागद घेऊन आल्या तेव्हा ती म्हणाली, “बाळाला आणा.”

“तपासणीच्या आधी परत पाहायचंय का? आणते ना, थोडा वेळ…”

“पाहायचं तर आहेच. पण कागद त्याच्यासमोर वाचायचा. चाललंय ते त्याच्याबद्दल, आणि तो एकटा तिकडे कशाला?”

सिस्टरने बाळाला आणलं. आजीने विणलेली पांढरी टोपी त्याला डोळ्यांपर्यंत मोठी झाली होती. धाकटीने टोपी मागे सारली. दाट काळे केस होते. सगळ्यांनी पाहिले. ग्रंथपालांनीही पाहिले, भिंतीला पाठ लावून, पण पाहिले. त्यांची बायको मात्र बाळाकडे बघता बघता मध्येच त्यांच्याकडे बघत होती, आणि ती काय विचार करतेय हे त्यांना कळेना.

डॉक्टरीणबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि एकेक ओळ वाचू लागल्या. सकाळी अर्ध्या मिनिटात उरकायचं होतं त्या कामाला पाऊण तास लागला. वरून तपासणी, वजन, उंची, फोटो? “हो. फोटोची एक प्रत मला.” वारेची तपासणी? “हो.” आतली तपासणी? धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी विचारलं, “टाके घालतील ना नीट?” “घालतात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मी स्वतः सांगेन.” मग हो.

“सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी ऊतींचे लहान तुकडे काढणे.”

“केवढे लहान?”

“नखाएवढे. मेणात बसवतात, मग त्याचे पातळ काप काचपट्टीवर घेतात.”

“त्याने कारण कळेल?”

“कळेलच असं नाही सांगता येत. पण नाही पाहिलं तर नक्कीच नाही कळणार.”

हे खरं बोलणं धाकटीला पटलेलं दिसलं. “काढा,” ती म्हणाली.

“शिक्षणासाठी कायमस्वरूपी ठेवणे.”

“म्हणजे?”

“काचपट्ट्या विद्यार्थ्यांना दाखवतात. मी शिकत होते तेव्हा मलाही दाखवल्यात.”

“कुणाच्या होत्या त्या?”

“ते नसतं लिहिलेलं. नंबर असतो.”

“त्यातली एखादी माझ्या बहिणीची असेल,” धाकटी म्हणाली.

ती रागाने नाही म्हणाली. पण डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि त्या बाळाच्या टोपीकडे पाहत राहिल्या. “असेल,” त्या म्हणाल्या.

“मग आत्ता नाही. तुम्हाला लागलं तर मला पत्र लिहा, मी ठरवीन. तपासून झालं की सगळं परत हवं. ठोकळे, पट्ट्या, सगळं. तसं लिहा इथे.”

“तसा रकाना नाहीये यात.”

“मग पाडा.”

डॉक्टरीणबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. तेव्हा भिंतीपाशी उभे असलेले ग्रंथपाल पुढे आले. खिशातून चष्म्याचं घर काढलं, कागदावर आडवं धरलं आणि त्याच्या कडेने दोन सरळ रेघा ओढल्या. रकाने पाडण्यात त्यांचा जन्म गेला होता. हात जराही हलला नाही.

“घ्या,” ते म्हणाले. “झाला रकाना.”

सह्या दोन झाल्या. आधी आईची, मग बापाची.

नंतरचे चार दिवस ग्रंथपालांच्या घरात बायको त्यांच्याशी बोलली नाही. भांडी मात्र बोलत होती. झाकण ठेवतानाचा एकेक आवाज त्यांना बरोबर कळत होता. ती दिवसभर धाकटीकडे असायची. जावयांनी इस्पितळाच्या लिफ्टबद्दल तक्रार नोंदवली, धाकटी दोनदा जेवली, एवढी बातमी ती भिंतीला सांगितल्यासारखी सांगायची.

पाचव्या दिवशी दुपारी तिने शिलाईच्या टेबलावरचे चिंध्या-दोरे बाजूला सारले, टेबल ओल्या फडक्याने पुसलं आणि म्हणाली, “आणा ते पत्र.”

त्यांनी मधमाश्यांचं पुस्तक आणलं. तिने पुस्तकाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “शोभता खरे,” ती म्हणाली.

पत्र तिने भिंग लावून वाचलं. ‘मेणात जतन केलेले सहा ठोकळे’ या ओळीवर भिंग बराच वेळ थांबलं. मग तिने विचारलं, “तिला केस होते का हो? त्याच्यासारखे?”

अजून एकदा खोटं बोलणं फार सोपं होतं. नुसतं ‘हो’ म्हणायचं.

“मी पाहिलं नाही तिला,” ते म्हणाले. “पाहायला येता का, असं त्यांनी विचारलं होतं. माझा धीर नाही झाला.”

“आणि झोपल्यासारखी दिसत होती ते?”

“मनाचं.”

ते वाट बघत राहिले. एक्केचाळीस वर्षं जपून ठेवलेलं काहीतरी त्यांनी तिच्या हातातून काढून घेतलं होतं, हे त्यांना दिसत होतं. तिने भिंग खाली ठेवलं, पदराने डोळे पुसले, मग भिंगही पुसलं.

“म्हणजे मी पाहिलं नाही, तुम्ही पाहिलं नाही,” ती म्हणाली. “त्यांनी पाहिलं. वजन केलं असेल, लांबी मोजली असेल, केस कसले ते लिहिलं असेल. आपल्या पोरीची हकिकत त्यांच्याकडे आहे, आणि विचारतायत काय, तर विल्हेवाट लावू का! हे तीन चौकोन काही माझ्या कामाचे नाहीत. चौथा काढा.”

“तो पत्रात नाही गं.”

“रकाना पाडलात ना तिच्यासाठी? हिच्यासाठी एक चौकोन निघत नाही?”

त्यांनी पट्टी आणली आणि तिसऱ्याच्या खाली चौथा चौकोन काढला. चारी कोपरे काटकोनात.

“आता लिहा. तुम्ही तिला पाहिलंत. आम्ही नाही. काय पाहिलंत ते आधी कळवा.”

त्यांनी कोऱ्या कागदावर लिहिलं आणि ती खांद्यावरून वाचू लागली.

“हे ‘कृपया’ कुणी सांगितलं?”

“पत्राची रीत असते.”

“खोडा. ‘विनंती’ पण खोडा.”

“अगं, निदान…”

“त्यांनी कृपया विचारलं होतं का मला?”

त्यांनी दोन्ही खोडलं. मग कागद खराब दिसतो म्हणून सगळं पत्र नव्याने लिहून काढलं. तेवढं त्यांना करू दिलं तिने.

पत्र असं झालं:

‘तुम्ही आमच्या थोरल्या मुलीला पाहिलंत. आम्ही पाहिलं नाही. तिचं वजन, लांबी, केस, आणि जे जे नोंदवलं असेल ते अक्षर न् अक्षर आधी कळवा. चौदा काचपट्ट्या कुणाकुणाला दाखवल्या तेही कळवा. त्यानंतर सहा ठोकळे आणि चौदा पट्ट्या आमच्याकडे परत आणून द्या. आम्ही न्यायला येणार नाही. नेताना आम्हाला विचारलं नव्हतं, आणताना तुम्ही यायचं.’

“वा,” ती म्हणाली. “तुमच्या अक्षरात चांगलं दिसतंय.”

खाली ग्रंथपालांनी स्वतःच्या मनाने एक मजकूर जोडला. लिहिताना दोनदा थांबले, आपण हे लिहिणारे कोण, असं त्यांना वाटलं, तरी लिहिलं: ‘उत्तराला नऊ वर्षं उशीर झाला, तो दोष माझा. त्या वेळच्या कागदावर फक्त माझी सही आहे. तिच्या आईला कुणी विचारलं नव्हतं. तुम्हीही नाही, मीही नाही. तिची सही आज सोबत आहे.’

तिने तो मजकूर वाचला. पेन घेतलं आणि इस्पितळाच्या पत्रावरच्या चौथ्या चौकोनात एवढी मोठी सही केली की ती चारी बाजूंनी बाहेर आली.

“थांब,” ग्रंथपाल म्हणाले. उठून कपाटाच्या तळातून त्यांनी एक पत्र्याची डबी काढली. निवृत्तीच्या दिवशी ग्रंथालयाने त्यांना त्यांचाच जुना शिक्का भेट दिला होता. ‘परत करण्याची तारीख’ असा, आकडे फिरवायचा. शाईची गादी वाळली होती, तिच्यावर त्यांनी पाण्याचे चार थेंब टाकले. आजपासून पंधरा दिवस मोजले, आकडे फिरवले आणि पत्राच्या डोक्यावर शिक्का मारला. जांभळा, थोडा पुसट, पण वाचता येईल असा.

“नाही आलं उत्तर पंधरा दिवसांत तर?” तिने विचारलं.

“दुसरं पत्र. मग तिसरं.”

“तिसरं झोंबणारं ना?”

“तिसरं मी स्वतः घेऊन जाईन,” ते म्हणाले. “आणि काउंटरवर मोठ्याने वाचीन.”

टपालपेटी कोपऱ्यावर होती, औषधाच्या दुकानाशेजारी. पाकीट तिने आपल्या हातात घेतलं. “तुमचा काय भरवसा? वाटेत एखादं पुस्तक दिसायचं.” दोघं चालत गेली. उन्हात तिची चाल मंद होती आणि त्यांचीही, पण कुणी थांबलं नाही.

पेटीपाशी पोचल्यावर तिने पाकीट त्यांच्यापुढे धरलं.

“टाका. हे तुम्हीच टाकायचं.”

पेटीचं तोंड उंचावर होतं. वाकावं लागलं नाही. त्यांनी पाकीट आत सरकवलं आणि सोडलं. आत, खाली, ते पडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.